वितळलेल्या मिठातली जैवरेणूंची शिस्त

पेशीच्या पटलातले मेदरेणू पाण्यात सोडले की ते कुणी न सांगता दुपदरी पापुद्रे करून बसतात. पाणी आवडणारं डोकं बाहेर, पाणी नकोसं असलेली शेपटी आत. ही मांडणी पाणीच घडवून आणतं आणि पाणी नसेल तर जीवसृष्टीतली कोणतीच रचना उभी राहणार नाही, असं पाठ्यपुस्तकं सांगत आली आहेत. १९८३ साली डी. फेनेल इव्हान्स आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ‘जर्नल ऑफ फिजिकल केमिस्ट्री’त एक शोधनिबंध छापला. लेसिथिनच्या कुळातला एक मेद त्यांनी पाण्याऐवजी इथिलअमोनियम नायट्रेटमध्ये सोडला होता. हे रसायन म्हणजे एक मीठच, पण ते सुमारे १२ अंश सेल्सियसला वितळतं. मुंबईच्या हवेत ते बाटलीत बारा महिने द्रवच राहील. त्या वितळलेल्या मिठातही मेदाने पापुद्रे केले, ते एकावर एक रचले आणि द्रवस्फटिक तयार झाला.

गेल्या चाळीस वर्षांत या निरीक्षणाभोवती बरंच संशोधन जमलं आहे. मेद झाले, सेल्युलोज झालं, रेशीम, डीएनए, प्रथिनं झाली. त्यातून खरोखर काय हाती लागलं आणि काय नुसतं लागल्यासारखं वाटतं, हे पाहायचं आहे. निष्कर्ष आधीच सांगितलेला बरा. मेदांच्या बाबतीत पाण्याची मक्तेदारी मोडली आहे. सेल्युलोजचा प्रश्नच निराळा आहे. डीएनए आणि प्रथिनांच्या बाबतीत मात्र पाणी बाहेर काढल्याचा गाजावाजा जास्त आहे आणि ते आत शिल्लक राहिल्याची नोंद कमी.

द्रवस्फटिक म्हटलं की आज घड्याळाचा नाहीतर टीव्हीचा पडदा आठवतो, पण या विषयाचा जन्म एका वनस्पतिशास्त्रज्ञाच्या टेबलावर झाला. प्राग इथले फ्रीडरिख राइनिट्झर गाजरातल्या कोलेस्टेरॉलचा अभ्यास करत होते. १८८८ साली त्यांना कोलेस्टेरिल बेंझोएट हा पदार्थ दोनदा वितळताना दिसला. १४५.५ अंशांना त्याचा गढूळ द्रव व्हायचा आणि १७८.५ अंशांना तो गढूळपणा जाऊन द्रव लख्ख स्वच्छ व्हायचा. त्यांनी ही हकीकत ओटो लेहमान या भौतिकशास्त्रज्ञाला कळवली आणि नमुनेही पाठवले. लेहमान यांच्याकडे पदार्थ तापवत तापवत पाहता येईल असा सूक्ष्मदर्शक होता. मधला तो गढूळ द्रव वाहत तर होता, पण ध्रुवित प्रकाशाशी स्फटिकासारखा वागत होता. १९२२ साली जॉर्ज फ्रिडेल यांनी अशा अवस्थांची वर्गवारी केली. नेमॅटिकमध्ये लांबुळके रेणू एकाच दिशेला तोंड करून असतात, पण त्यांच्या जागा ठरलेल्या नसतात. स्मेक्टिकमध्ये ते थरही धरतात. कोलेस्टेरिकमध्ये ही दिशा थोडी थोडी वळत पुढे जाते. चकतीच्या आकाराचे रेणूसुद्धा एकावर एक रचून द्रवस्फटिक करतात, हा मोठा शोध १९७७ साली बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत लागला. तो लावणाऱ्या गटाचे प्रमुख शिवरामकृष्ण चंद्रशेखर हे नागपूर विद्यापीठाचे एमएस्सी.

राइनिट्झरचा पदार्थ तापमान बदलल्यावर अवस्था बदलायचा. जीवसृष्टीतले बहुतेक द्रवस्फटिक मात्र द्रावकात किती रेणू आहेत, त्यावर ठरतात. १९३६ साली बॉडेन आणि पिरी यांनी जे. डी. बर्नाल आणि फॅनकुकन यांच्यासोबत दाखवलं, की तंबाखूच्या पानांवर चट्टे पाडणारा विषाणू शुद्ध करून पाण्यात दाट केला, तर त्याचा द्रवस्फटिक होतो. हा विषाणू म्हणजे सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि १८ नॅनोमीटर जाड असा ताठ दंड. १९४९ साली लार्स ऑनसागर यांनी त्यामागचं गणित मांडलं. आगकाड्या सैल असताना डबीत वाटेल तशा पडतात, पण डबी भरत आली की त्या एका दिशेला लावल्याशिवाय हलायला जागा उरत नाही. दंडांमध्ये आकर्षण असण्याची गरजच नाही. दाटी आणि लांबटपणा पुरतो. पुढच्या सगळ्या विवेचनाची किल्ली इथे आहे. मेदाचा पापुद्रा द्रावकाच्या नावडीतून होतो, दंडांची रांग दाटीतून होते. दोन्हींना ‘आपोआप जुळणी’ हे एकच नाव असलं, तरी द्रावक बदलल्याचा परिणाम दोन्हींवर सारखा होणार नाही.

आता मिठाकडे. जेवणातलं मीठ ८०१ अंशांना वितळतं, कारण सोडियम आणि क्लोराइडचे आयन लहान, गोल आणि एकमेकांत घट्ट बसणारे असतात. आयन मोठे, बेढब आणि एकमेकांत नीट न बसणारे निवडले, की वितळणबिंदू झपाट्याने खाली येतो. शंभर अंशांच्या आत वितळणाऱ्या अशा मिठांना आयनिक द्रव म्हणायची पद्धत आहे. इथिलअमोनियम नायट्रेटची नोंद पॉल वाल्डेन यांनी १९१४ सालीच केली होती, पण तेव्हा तिचं कुणाला काही वाटलं नाही. १९९२ साली विल्क्स आणि झावोरोत्को यांनी हवेत आणि पाण्यात टिकून राहणारे इमिडॅझोलियमचे आयनिक द्रव बनवले आणि मग या विषयाला पूर आला. यांची वाफ जवळजवळ होत नाही, ते सहसा पेट घेत नाहीत, आणि धनायन-ऋणायनांच्या जोड्या बदलून हवे तसे गुण आणता येतात.

मेदांपासून सुरुवात करणं योग्य, कारण तिथलं उत्तर सर्वांत स्वच्छ आहे. इव्हान्स यांच्या गटाने १९८२ साली दाखवलं होतं, की साबणासारखे रेणू इथिलअमोनियम नायट्रेटमध्येही पुंजके करतात. फक्त त्यासाठी पाण्यापेक्षा साधारण पाच ते दहा पट जास्त रेणू लागतात. त्यांचं स्पष्टीकरण असं होतं, की या मिठाचे आयन एकमेकांशी हायड्रोजन बंधांचं त्रिमित जाळं विणतात, अगदी पाण्यासारखं. त्या जाळ्यात मेदाची तेलकट शेपटी खपवून घ्यायची म्हणजे बंध मोडावे लागतात, आणि मोडण्यापेक्षा शेपट्या बाजूला गोळा करणं स्वस्त पडतं. ऑस्ट्रेलियात टमार ग्रीव्ह्ज आणि कॅलम ड्रमंड यांनी पुढे अशी कितीतरी मिठं पद्धतशीर तपासली. त्यातून एक नियम दिसतो. द्रावकाच्या कणांची आपापसातली ओढ जितकी घट्ट, तितके जास्त प्रकारचे द्रवस्फटिक आणि तितक्या विस्तृत तापमानात. धनायनाची कार्बनसाखळी लांबवली, की द्रावक स्वतःच तेलकट होत जातो आणि मेदाला बाजूला होण्याचं कारणच उरत नाही.

इथे एक गुंतागुंत आहे आणि ती मला या सगळ्या विषयातली सर्वांत रोचक गोष्ट वाटते. न्यूट्रॉन विकिरणाच्या प्रयोगांतून रॉब अॅटकिन आणि ग्रेग वॉर यांनी २००८ साली दाखवलं, की इथिलअमोनियम नायट्रेट हा एकजिनसी द्रव नाहीच. त्याच्या दोनच कार्बनांच्या इथिल शेपट्या एकमेकींजवळ सरकतात आणि भारित भाग वेगळा पडतो. परिणामी स्पंजासारखी एकमेकांत गुंतलेली दोन जाळी तयार होतात. म्हणजे मेद टाकण्याआधीच द्रावकात एक ढोबळ रचना आहे. जे आपण मेदाची स्वयंरचना म्हणून मोजतो, त्यात द्रावकाच्या या मांडणीचा वाटा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. पाण्याच्या बाबतीत असा प्रश्न या रूपात येत नाही. तरीही मूळ निष्कर्षाला धक्का लागत नाही. पापुद्रे होण्यासाठी पाणीच हवं असं नाही. स्वतःशी घट्ट बांधलेला कोणताही द्रव पुरेल. मीठ आणि ग्लिसरॉल किंवा युरियासारखे पदार्थ मिसळून होणाऱ्या, कमी तापमानाला वितळणाऱ्या युटेक्टिक मिश्रणांतही मेदाच्या पिशव्या आपोआप होतात, हे २०१६ साली प्रसिद्ध झालं.

सेल्युलोजची गोष्ट वेगळ्या अंगाने जाते. १९३४ सालच्या एका अमेरिकी पेटंटात ग्रेनाखर यांनी पिरिडिनियमच्या वितळलेल्या क्षारात सेल्युलोज विरघळतं असं लिहून ठेवलं होतं. पण त्या काळात असले क्षार प्रयोगशाळेतली चीज होती. २००२ साली अलाबामा विद्यापीठात रॉबिन रॉजर्स यांच्या गटाने ब्युटिलमिथिलइमिडॅझोलियम क्लोराइडमध्ये लगदा नुसता तापवून विरघळवला आणि मायक्रोवेव्हच्या मदतीने वजनाने २५ टक्क्यांपर्यंत नेला. क्लोराइडचे आयन सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिल गटांना धरतात आणि साखळ्यांना एकमेकींशी बांधणारे हायड्रोजन बंध सोडवतात. याच शोधनिबंधात एक वाक्य होतं, जे वाचून द्रवस्फटिकवाल्यांचे कान टवकारले: साधारण १० टक्क्यांच्या वर द्रावण द्रवस्फटिकासारखं वागतं. सेल्युलोजची साखळी पुरेशी ताठ असते, त्यामुळे ऑनसागर यांच्या हिशेबाने ते अपेक्षितच होतं. हा परिणाम खऱ्या अर्थाने पाण्याविना आहे, कारण या क्लोराइडमध्ये पाण्याचा थोडा अंश शिरला, तरी सेल्युलोज लगेच बाहेर पडू लागतं.

त्यातून कापड उद्योगाच्या आशा वाढल्या. व्हिस्कोस रेयॉन कार्बन डायसल्फाइड वापरून बनतं, आणि ते मज्जासंस्थेला घातक आहे. आपल्याकडे कल्याणजवळच्या शहाडला हा धागा बनतो, तो याच जुन्या मार्गाने. आयनिक द्रवाचा मार्ग सर्वांत पुढे नेला तो फिनलंडने. आल्टो विद्यापीठातले हर्बर्ट सिक्स्टा आणि हेलसिंकी विद्यापीठातले इल्का किल्पेलाइनेन यांच्या गटांनी आयनसेल ही पद्धत बसवली आणि ६ डिसेंबर २०१८ च्या स्वातंत्र्यदिन समारंभात तिथल्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी येन्नी हाउकिओ बर्च झाडापासून काढलेल्या याच धाग्याचा पोशाख घालून आल्या. पण इथे एक गोष्ट नीट सांगितली जात नाही. या पद्धतीत धागा काढतात ते द्रावण द्रवस्फटिक नसतं. द्रावण बारीक छिद्रातून हवेत सोडून ताणलं जातं आणि साखळ्यांना दिशा मुख्यतः त्या ताणातून मिळते. मग पाण्यात ती गोठते. धागा मजबूत निघतो हे खरं, पण त्याचं श्रेय द्रवस्फटिकाला देणं चूक आहे. दाट द्रवस्फटिक द्रावणं इतकी चिकट असतात, की कारखान्याला ती नकोशीच.

सेल्युलोजच्या नावाखाली आणखी एक घोटाळा होतो. साखळी साखळी सुटी करून विरघळवलेलं सेल्युलोज निराळं आणि सल्फ्युरिक आम्लाने झाडाच्या तंतूंतून सोडवलेले सेल्युलोजचे नॅनोस्फटिक निराळे. दुसरे विरघळतच नाहीत. ते दंडासारखे पाण्यात तरंगतात. १९९२ साली मॅकगिल विद्यापीठातल्या डेरेक ग्रे यांच्या गटाने दाखवलं, की ते कोलेस्टेरिक द्रवस्फटिक करतात. ते वाळवून रंगीत पापुद्रेही काढता येतात. निसर्गात हीच युक्ती आफ्रिकेतल्या पोलिया कंडेन्साटा या झाडाच्या फळात आहे. त्याचा झळझळीत निळा रंग कोणत्याही रंगद्रव्यातून येत नाही, सेल्युलोजच्या वळत जाणाऱ्या थरांतून येतो. या नॅनोस्फटिकांना वरच्या इमिडॅझोलियम क्लोराइडसारखा सेल्युलोज विरघळवणारा द्रावक चालत नाही, तो त्यांना खाऊनच टाकतो. म्हणून ‘सेल्युलोज आणि आयनिक द्रव’ असं शीर्षक दिसलं, की सेल्युलोज कोणतं, हे आधी विचारावं.

रेशमाबद्दल थोडक्यात. कोळी आपल्या ग्रंथीतलं प्रथिनांचं दाट द्रावण द्रवस्फटिकाच्या अवस्थेतून नेऊन धागा काढतो, असं व्होलराथ आणि नाइट यांनी २००१ साली ‘नेचर’मध्ये मांडलं. २००४ साली तुतीच्या रेशीमकिड्याचं फायब्रॉइन हे प्रथिन इमिडॅझोलियमच्या क्षारात विरघळवून पुन्हा घडवण्यात यश आलं. मात्र कोळ्याच्या ग्रंथीतली ती शिस्त त्या द्रावणात परत आणण्याचं काम अजून उरलंच आहे.

डीएनएकडे येताना अपेक्षा वाढतात, कारण पाण्यात डीएनए द्रवस्फटिक करतं यात शंका नाही. सुमारे दोन नॅनोमीटर जाड आणि पन्नास नॅनोमीटरपर्यंत ताठ राहणारी ही दोरी. समुद्रातल्या डायनोफ्लॅजेलेट जीवांच्या गुणसूत्रांत ती कोलेस्टेरिक पद्धतीने रचलेली दिसते, हे फ्रान्समध्ये यीव बूलिगाँ आणि फ्रांस्वाझ लिव्होलाँ यांनी तपशिलात दाखवलं. २००७ साली नोएल क्लार्क आणि तोमासो बेल्लिनी यांच्या गटांनी त्याहून नवल दाखवलं. सहा ते वीस बेस-जोड्यांचे आखूड तुकडे, जे एकटे द्रवस्फटिक होण्याइतके लांबट नाहीत, ते टोकाला टोक लावून लांब दंड करतात आणि मग रांगेत बसतात.

आयनिक द्रवात मात्र बहुतेक काम डीएनए टिकतं की नाही यावर झालं. २०१० साली ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठातल्या डग्लस मॅकफार्लेन यांच्या गटाने कोलीन डायहायड्रोजन फॉस्फेटसारख्या क्षारांत डीएनए खोलीच्या तापमानाला दीर्घकाळ टिकतं असं दाखवलं. भारतातला याबाबतचा वाटा लक्षणीय आहे. २०१२ साली आयआयटी मद्रासच्या संजीव सेनापती यांच्या गटाने संगणकीय प्रारूपातून दाखवलं, की आयनिक द्रवाचे धनायन डीएनएच्या खाचेत जाऊन बसतात आणि दुहेरी पीळ सांभाळतात. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेत कमलेश प्रसाद यांच्या गटाने कोलीनवर आधारित युटेक्टिक मिश्रणांत डीएनए चांगलं विरघळतं आणि टिकतं हे २०१३ साली नोंदवलं. हे सगळं उपयोगी आहे. पण टिकणं म्हणजे रांगेत बसणं नव्हे. आणि ‘आयनिक द्रव’ असं लिहिलेल्या या प्रयोगांपैकी बऱ्याच प्रयोगांत द्रवाला मुद्दाम पाणी पाजलेलं असतं. त्यांना सजल आयनिक द्रव म्हणतात आणि वजनाने २० ते ३० टक्के पाणी त्यात नेहमीचं. ते प्रमाण पाहता, दर आयनजोडीमागे काही पाण्याचे रेणू हजर असतात. पूर्णपणे कोरड्या माध्यमात काय होतं, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा अॅटलांटातल्या निकोलस हड यांच्या गटाने २०१० साली दिला: कोलीन क्लोराइड आणि युरियाच्या निर्जल मिश्रणात डीएनएचे दुहेरी, तिहेरी आणि ग्वानीनचे चौपदरी पीळ बनतात. पण डीएनएतला बेसचा क्रम बदलला की पिळाची जात बदलते आणि पाण्यात जे स्थिर असतं ते इथे तसंच राहील याचा भरवसा नाही.

प्रथिनांच्या बाबतीत तोच घोळ आहे, पण एक वळण वेगळं. २००० साली समर्स आणि फ्लॉवर्स यांनी इथिलअमोनियम नायट्रेटच्या मदतीने उलगडलेलं लायसोझाइम पुन्हा घडी घालून मूळ आकारात आणलं. २००७ साली नोलीन बर्न आणि ऑस्टिन अँजेल यांनी अशा माध्यमात प्रथिनांची दाट द्रावणं वर्षानुवर्षं टिकवून दाखवली. इथपर्यंत गोष्ट साठवणुकीची. वळण आलं ते ब्रिस्टलमध्ये. अॅडम पेरिमन आणि स्टीफन मॅन यांनी २००९ साली प्रथिन आयनिक द्रवात घातलंच नाही. प्रथिनालाच आयनिक द्रवाचा एक आयन केलं. फेरिटिनच्या पृष्ठभागावर धनभार चढवला, त्याभोवती ऋणभारित बहुवारिकाच्या शेपट्यांची झालर बसवली, पाणी गोठवून उडवून दिलं आणि उरलेला चोथा ३० अंशांच्या आसपास वितळून द्रवस्फटिक झाला. उघडं प्रथिन कधी वितळत नाही, आधी जळतं. कारण त्याच्या आकारमानाच्या मानाने रेणूंमधलं ओढीचं बल फार जवळच्या पल्ल्याचं असतं. झालर तो पल्ला वाढवते. २०१० साली याच मार्गाने द्रव केलेल्या मायोग्लोबिनने ऑक्सिजन धरून सोडूनही दाखवला. मुंबईच्या आयआयटीत कामेंद्र शर्मा यांच्या गटाने याच वाटेवर पुढे जाऊन अशा द्रव प्रथिनांना द्रावक म्हणूनच वापरून पाहिलं आहे. ग्रोनिंगेनला आंद्रेआस हरमान यांनी भारित पॉलिपेप्टाइड आणि डीएनए यांना मेदासारख्या धनायनांशी जोडून थरांचे द्रवस्फटिक केले. माझ्या मते या सगळ्या क्षेत्रातला सर्वांत अस्सल शोध हाच आहे. इथे ‘आयनिक द्रवात जैवरेणू’ हा प्रश्नच उलटा होतो.

पुराव्याबद्दल थोडं कठोर व्हायला हवं. ध्रुवकांच्या जोडीमध्ये नमुना उजळला, की लगेच द्रवस्फटिक म्हणायची सवय या विषयात फार आहे. पण नीट न विरघळलेला तंतू उजळतो. दाट, चिकट द्रावण काचेवर पसरताना ताणलं गेलं तरी उजळतं, आणि काही मिनिटं थांबलं की विझतं. खात्री करायची तर नमुना शांत बसू द्यावा, तापवून-गार करून नक्षी जाते आणि परत येते का पाहावं, आणि क्ष-किरणांच्या लघुकोनी विकिरणात थरांतलं किंवा दंडांतलं अंतर मोजावं. मेदांवरच्या कामात हे बहुधा केलेलं असतं. डीएनए-प्रथिनांच्या कामात अनेकदा छायाचित्रावर भागवलं जातं.

आणि ‘हिरवं रसायन’ या लेबलाविषयी. वाफ होत नाही म्हणून आयनिक द्रव निरुपद्रवी, हा युक्तिवाद सुरुवातीला फार चालला. २००३ साली रॉजर्स यांच्याच गटाने दाखवून दिलं, की हेक्झाफ्लोरोफॉस्फेट असलेला एक लोकप्रिय द्रव विघटनातून हायड्रोफ्लोरिक आम्ल देऊ शकतो. लांब शेपटीचे इमिडॅझोलियम धनायन तर पेशीच्या पटलात घुसतात आणि जलचरांना घातक ठरतात. यात योगायोग नाही. बारा किंवा त्याहून जास्त कार्बनांची शेपटी लावली, की हेच क्षार स्वतः थरांचे द्रवस्फटिक करतात. जो गुण त्यांना रांगेत बसवतो, तोच त्यांना जिवंत पटलात शिरायला लावतो. २०१८ साली न्यूकॅसलच्या संशोधकांनी कचराभूमीजवळच्या मातीत आठ कार्बनांचा असा धनायन सापडल्याचं नोंदवलं आणि यकृताच्या एका विकाराशी त्याचा संबंध असावा असा संशय व्यक्त केला. दुसरीकडे, २००५ साली ओहनो यांच्या गटाने वीसही नैसर्गिक अमिनो आम्लांपासून आयनिक द्रव बनवून दाखवले, आणि कोलीनचे क्षार तर आपल्या शरीराला परके नाहीत. पुढची वाट तिकडे आहे. पण तेही स्वस्त नाहीत, आणि प्रत्येक वेळी द्रव पूर्ण परत मिळवता आला तरच त्यांचा हिशेब जमतो.

म्हणून या विषयावर नव्याने वाचणाऱ्या विद्यार्थ्याला एकच सांगणं. शोधनिबंध हाती आला की आधी त्यातलं पाण्याचं मोजमाप आणि क्ष-किरणांचा आलेख शोधा. दोन्हींपैकी एकही नसेल, तर शीर्षकातला द्रवस्फटिक तूर्त मान्य करू नका.